तुटक रेषेची वाट

डहाणू लोकल पालघर सोडते तेव्हा उजव्या हाताच्या खिडकीत डोंगरांची रांग सुरू होते आणि बोईसर येईपर्यंत साथ सोडत नाही. दक्षिणेच्या टोकाला काळदुर्ग, माथ्यावरच्या चौकोनी कातळामुळे लांबूनही ओळखू येणारा. उत्तरेला, बोईसरच्या पूर्वेस वारांगडे गावामागे आसावा. या दोन किल्ल्यांच्या मध्ये, भातखाचरांच्या काठावर उमरोळी स्टेशन. गाडी इथे क्षणभर थांबते. उतरणाऱ्यांत तारापूरच्या कारखान्यांतले कामगार असतात, पालघरच्या कचेऱ्यांत कामाला जाऊन परतलेले असतात, कॉलेजची मुलं असतात. पाठीला सॅक लावलेला माणूस इथे उतरताना सहसा दिसत नाही. डोंगर चढायला आलेली मंडळी पालघरला उतरून रिक्षा करतात किंवा थेट मोटारीने वाघोबा खिंड गाठतात. मला मात्र या टापूची खरी ओळख उमरोळीलाच उतरून, पायी झाली. म्हणून हा लेख किल्ल्यांवरचा नाही. स्टेशनपासून डोंगरापर्यंत आणि डोंगरापासून तलावापर्यंत जाणाऱ्या वाटांबद्दल आहे. या वाटा आज आहेत. दहा वर्षांनी असतील की नाही, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत ठरणार आहे.

असं का म्हणतो ते कळायला थोडा मागचा हिशोब पाहावा लागेल. १६ एप्रिल २०१३ रोजी मुंबईची उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली. तोवर मेमू, शटल आणि मोजक्या पॅसेंजर गाड्यांवर हा पट्टा चालत होता. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला. जिल्ह्याला मुख्यालय हवं होतं. ते सिडकोने पालघर–बोईसर रस्त्यावर कोळगाव इथे उभारलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. कोळगाव म्हणजे उमरोळीचं शेजारचं गाव. मुख्यालयाबरोबर नवनगर आलं आणि नवनगराबरोबर जमिनीचे भाव. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच ७६ हजार कोटींहून मोठ्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. विरार–डहाणू दरम्यान रेल्वेचं चौपदरीकरण सुरू आहे. बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला होत आहे. उमरोळीच्या आसपास गृहसंकुलांच्या पाट्या दिसतात आणि त्या पाट्यांवर हमखास एक हिरवा डोंगर छापलेला असतो.

तो डोंगर घर घेणाऱ्याला खरोखर चालत गाठता येणार आहे का, हा माझा प्रश्न आहे.

आता वाटेकडे येऊ. पावसाळ्याच्या शेवटी, नवरात्राच्या आसपास या भागात चालावं. ऊन कडक असतं, पण ओहोळांना पाणी असतं आणि चिखल वाळायला लागलेला असतो. गावाबाहेर पडलं की भाताची खाचरं लागतात. वाट बांधावरून जाते. हळव्या भाताच्या लोंब्या तेव्हा पिवळ्या पडलेल्या असतात, गरव्या भाताला अजून हिरवेपणा असतो. शेतं संपली की गवताचं कुरण आणि मग हळूहळू झाडी: साग, ऐन, खैर, पळस, कुडा, मधूनच एखादा मोह. डोंगर जवळ आला की वाट ओहोळाच्या सोबतीने वर जायला लागते. या पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक जुन्या वाटेची हीच तऱ्हा आहे. ओहोळाने डोंगराला पाडलेल्या घळीच्या एका कुशीने वाट चढते, कारण चढ तिथे सौम्य असतो, सावली असते आणि वाटेत पाणी मिळतं. ज्यांनी ही वाट पाडली त्यांच्या डोक्यावर मोळी होती, कडेवर मूल होतं. त्यांना माथा गाठायचा नव्हता, पलीकडचा पाडा गाठायचा होता.

घळीत शिरलं की आवाज बदलतो. रेल्वेचा भोंगा ऐकू येतो, पण लांबून. तांबट ठोके देत असतो. कातळ सगळा काळा, बेसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाण्याने त्याला जागोजाग वाटीसारखे खळगे पाडलेत आणि त्या खळग्यांत पाऊस संपल्यावरही महिना-दीड महिना पाणी टिकतं. नीट बघितलं तर खळग्याच्या काठाला चिखलात पायांचे ठसे सापडतात: रानमांजराचे, मुंगसाचे, रानडुकराचे. कधी एखादा मोठा, गोल, नखांची खूण नसलेला ठसाही. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, कुत्र्याची नखं मात्र चिखलात उमटतात. हा फरक या पाड्यांमधल्या पोरांना शाळेत जायच्या आधी ठाऊक असतो.

डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपुढे ठेंगणे आहेत. काळदुर्ग पंधराशे फुटांच्या आसपास. पण चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, त्यामुळे उंची सगळी पायांनाच कमवावी लागते. काळदुर्गाची रुळलेली वाट पालघर–मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून, वाघोबाच्या मंदिरापासून सुरू होते. दीड-दोन तासांत माणूस माथ्यावरच्या त्या चौकोनी कातळापाशी पोचतो. तटबंदी नाही, बुरूज नाही. कातळात कोरलेली पाण्याची टाकी आणि खोदीव पायऱ्यांच्या खुणा एवढाच किल्ला. पण तिथून दिसतं ते सगळा भूगोल उलगडून सांगतं. पायथ्याला देवखोपचा तलाव, त्यापलीकडे पालघर, रेल्वेची रेघ, मग खाडीची खाजणं आणि शेवटी सातपाटी-केळव्याच्या बाजूचा समुद्र. पाठ फिरवली की सूर्या नदीचं खोरं. धामणी आणि कवडास इथे अडवलेलं तिचं पाणी आज वसई-विरारला जातं. एकाच माथ्यावरून शहरांच्या नळाला पाणी देणारं खोरं आणि मासळी देणारी किनारपट्टी दोन्ही दिसतात. अशी जागा मुंबईहून लोकलच्या तिकिटात गाठता येते, ही साधी गोष्ट नाही.

देवखोपच्या तलावाकाठची वाट मला काळदुर्गापेक्षाही आवडते. डोंगराची सोंड जिथे पाण्याकडे उतरते तिथे खाली पाणी आणि वर कातळ असा अरुंद टप्पा लागतो. सकाळी डोंगराची सावली पाण्यावर असते. हळदी-कुंकू बदकं आणि पाणकावळे यांच्यासाठी अशा तलावांवर वेगळी खटपट करावी लागत नाही. गुपचूप बसलं की झालं. फक्त काठावर बसावं, पाण्यात उतरू नये. लहान धरणांचा तळ सपाट नसतो. कुठे गाळ असतो, कुठे जुन्या ओहोळाचं पात्र असतं आणि दोन पावलांत गुडघाभर पाण्याचं पुरुषभर पाणी होतं.

इथे धोक्याबद्दल मोकळेपणाने लिहायला हवं. दर पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातल्या धबधब्यांवर, तलावांवर माणसं जीव गमावतात आणि दर पावसाळ्यात प्रशासन धबधबे, धरणं, किल्ले यांच्या परिसरात मनाई आदेश काढतं. जाणारे बहुतेक तरुण असतात, सुट्टीच्या दिवशी वसई, नालासोपारा, बोईसरहून आलेले. त्यांच्याकडे बोट दाखवून भागत नाही. दिवसभर कारखान्यात किंवा दहा-बाय-दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला रविवारी पाणी आणि हिरवळ हवीशी वाटली, तर त्यात गैर काय? त्याला कोणी सांगितलेलं नसतं की शेवाळलेल्या कातळावर बुटाचा तळ टिकत नाही. खाली ऊन असलं तरी माथ्यावर सर पडली की घळीतलं पाणी बघता बघता चढतं आणि गढूळ होतं, पाण्याचा रंग बदलला की क्षणही न थांबता बाजूच्या उंचवट्यावर जायचं असतं, हेही त्याला ठाऊक नसतं. पाड्यावरचा माणूस त्याला हे सांगू शकला असता. पण त्या माणसाला तिथे उभं करण्याची काही सोयच नाही. मनाई आदेश आवश्यक आहेत, त्यांनी जीव वाचतात, यात शंका नाही. पण वर्षाचे चार महिने बंदी आणि आठ महिने कोणाचंच लक्ष नाही, याला व्यवस्था म्हणता येत नाही.

आणि या वाटांवर चालणारे सगळेच काही सुट्टी घालवायला आलेले नसतात. मुळात त्या ज्यांच्या आहेत त्यांच्याविषयी.

जूनच्या पहिल्या सरींनंतर पालघरच्या बाजारात शेवळं येतात. जमिनीतून वर आलेले जांभळट, लांबट कोंब, चार-सहा बांधून त्याची एक जुडी. शेजारी हिरव्या, आवळ्याएवढ्या काकडांचा वाटा. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो. आतला पिवळसर भाग काढून टाकायचा आणि काकडाच्या आंबट-तुरट रसात शिजवायची, तेव्हा ती खाण्याजोगी होतात. किनाऱ्यावरची घरं त्यात सोडे घालतात. दहा-पंधरा दिवस हा बाजार चालतो आणि संपतो. मग कोळीची भाजी येते, टाकळा येतो, कुर्डू येतो. ही भाजी कोणी पेरत नाही. सकाळी आठला ती बाजारात दिसते म्हणजे कोणीतरी वारली बाई पहाटे अंधारात घळीच्या वाटेने चढून, कोंब खणून, पाटी भरून, पुन्हा उतरून, मिळेल त्या रिक्षाने शहरात आलेली असते. मे महिन्यात याच वाटेने करवंदं उतरतात, त्याआधी मोहाची फुलं, वर्षभर सरपण. वाट बंद झाली तर फिरायला येणाऱ्याचा एक रविवार जाईल. त्या वारली बाईचं मात्र हंगामाचं उत्पन्न जाईल.

या डोंगरांत चालण्याला राजकीय अर्थही राहिला आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी आसपासच्या गावांमधून माणसं पालघरच्या कचेरीवर चालून गेली, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. पालघरचा हुतात्मा चौक त्यांचा आहे. पुढे १९४५ पासून गोदावरी परुळेकर उंबरगाव-डहाणूच्या वारली पाड्यांमध्ये पायी हिंडल्या आणि वेठबिगारीविरुद्धची चळवळ उभी राहिली. त्या चळवळीचे निरोप पायवाटांनीच एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर गेले.

वाघोबा खिंडीला नाव देणारा देव हाही वाटेचाच देव आहे. वारल्यांचा वाघोबा वाघही आहे आणि बिबट्याही. कुठे नुसता शेंदूर लावलेला दगड, कुठे लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी–इंडियाच्या अभ्यासकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांनी मांडलं की माणूस आणि बिबट्या एकाच जमिनीवर राहू शकतात यामागे या श्रद्धेचा वाटा आहे: आपण त्याचा मान ठेवायचा, त्याने आपल्याला सांभाळायचं. दिवाळीचा पहिला दिवस आपल्या घरी वसुबारस, पाड्यावर तीच वाघबारस. त्या दिवशी पालघरच्या अनेक पाड्यांवर वाघोबाला नारळ फुटतो. खिंडीतून जाणारा ट्रकवालाही गाडी हळू करून हात जोडतो. रानातून चालताना आपण कोणाच्या तरी घरातून चाललो आहोत, ही जाणीव त्यामागे आहे. पालघरच्या रानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने ती बाळगावी असं मला मनापासून वाटतं. मोठ्याने गाणी लावायची नाहीत, संध्याकाळी उजेड असेपर्यंत खाली उतरायचं, कुत्रा सोबत आणायचा नाही. बिबट्याच्या वस्तीत हे साधे शिष्टाचार आहेत.

आता मूळ मुद्दा. नकाशा समोर घ्या. या तालुक्यात निसर्गाच्या रेषा पूर्व-पश्चिम जातात. ओहोळ डोंगरातून खाडीकडे धावतात आणि त्यांच्या कडेने वाटा पाड्यावरून बाजाराकडे, बाजारातून समुद्राकडे. शासनाच्या रेषा मात्र सगळ्या उत्तर-दक्षिण. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली. मग अहमदाबाद महामार्ग आला, आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८. आता मालगाड्यांचा समर्पित मार्ग, मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन. बुलेट ट्रेनचे महाराष्ट्रातले सातही डोंगरी बोगदे पालघर जिल्ह्यात आहेत. यातला प्रत्येक मार्ग मुंबईकडून गुजरातच्या दिशेने जातो. त्यांची गरज मी नाकारत नाही. पण जुनी रेल्वे ओलांडता येत होती, जुना महामार्गही. नव्या मार्गांना भिंत आहे, कुंपण आहे, भराव आहे. भरावाखालून पाण्याला मोरी ठेवतात, कारण पाणी अडवलं तर भराव वाहून जाईल. माणसाला मोरी ठेवायची असेल तर आधी इथे माणूस चालतो याची कागदोपत्री नोंद लागते. ती नसेल तर आराखडा काढणाऱ्या अभियंत्याच्या दृष्टीने तिथे वाटच नसते.

ती नोंद काही ठिकाणी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. भूमी अभिलेख कार्यालयात प्रत्येक महसुली गावाचा नकाशा मिळतो. त्या नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते, तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट. म्हणजे गावाच्या नकाशावर ती बारीक तुटक रेष असेल तर तो सव्वाआठ फुटांचा सार्वजनिक मार्ग आहे. तो कोणाच्या सातबाऱ्यातून गेला तरी त्याला अडवता येत नाही. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अट एवढीच की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज द्यायला हवा. शेताच्या हद्दीवरून शेतकऱ्याला जायला रस्ता देण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ ने तहसीलदाराला दिला आहे. त्याच संहितेत कलम १६५ आहे, वाजिब-उल-अर्जचं. शासनाच्या ताब्यात नसलेल्या जमिनीतून जाण्या-येण्याची किंवा मासे धरण्याची गावाची जी जुनी वहिवाट असेल, तिची नोंद करून ठेवण्याची ही तरतूद. खासगी जमिनीतून डोंगराकडे जाणाऱ्या वाटेसाठी यापेक्षा नेमकी तरतूद सापडणं कठीण. ती वापरली जात नाही, ही खंत आहे.

अडचण अशी की मोजणीदारांनी नकाशे केले तेव्हा शेतातल्या वाटा आल्या, कारण शेतसाऱ्याशी त्यांचा संबंध होता. रानातल्या वाटा बऱ्याच ठिकाणी वनहद्दीपाशी थांबतात. हद्दीपलीकडचं वन खात्याचं. तिथे वाट आहे, रोजची वर्दळ आहे, नकाशावर काही नाही. वनहक्क कायदा २००६ चा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपल्या वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार त्या कायद्याने दिला. पालघर तालुक्यातली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. म्हणजे ग्रामसभेने ठराव करून आपल्या वाटा नकाशावर उतरवल्या, तर त्या ठरावाला वजन आहे. २०२५ मध्ये महसूल खात्याने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचं धोरण आणलं. ट्रॅक्टर शेतापर्यंत जावा म्हणून ते आलं, चांगलंच झालं. त्याच नोंदवहीत पायवाटेलाही जागा मिळावी, एवढं मागणं अवाजवी नाही.

डोंगराच्या उताराबाबतही नियम आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. कागदावर डोंगर सुरक्षित आहे. पण पायथ्याची सलग भिंत कोणत्याच उतारात मोडत नाही आणि दगडखाणीसाठी वेगळी परवानगी असते. बोईसरच्या पूर्वेला नागझरीकडे गेलात तर अर्धे कापलेले डोंगर दिसतात. बंदर, द्रुतगती मार्ग, भराव या सगळ्यांना दगड आणि मुरूम लागतो आणि तो जवळच्याच डोंगरातून येतो.

शहराने आपल्या घळी राखल्या तर काय होतं, याचं एक उदाहरण फार लांब आहे, पण मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. कॅनडातल्या टोरंटोच्या परिसरात, स्कारबरो-मिसिसागाकडे मराठी घरं बरीच आहेत. त्या शहराच्या पोटातून खोल घळी जातात, डॉन आणि हंबर नद्यांच्या आणि त्यांच्या ओहोळांच्या. शहराच्या सुमारे १७ टक्के क्षेत्रावर या घळी पसरल्या आहेत आणि त्यांतून मैलोन्‌मैल पायवाटा आहेत. माणूस घरातून निघतो, वळणावर उतरतो आणि दहा मिनिटांत झाडीत असतो. हे शहाणपण सहजासहजी आलेलं नाही. १५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री हेझल चक्रीवादळाचा पाऊस कोसळला. हंबर नदीकाठच्या रेमोर ड्राइव्ह या एकाच रस्त्यावरची ३५ माणसं गेली, ओंटारिओ प्रांतात एकूण ८१. त्यानंतर पूरक्षेत्रात घरं बांधायला बंदी आली, काठच्या जमिनी सार्वजनिक ताब्यात घेतल्या गेल्या आणि १९५७ मध्ये त्या सांभाळायला स्वतंत्र प्राधिकरण झालं. आज तिथले लोक ज्या वाटांवर चालतात त्या मुळात पुराच्या पाण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागा आहेत. पूर्व भागात ओंटारिओ सरोवराच्या काठाने पंधरा किलोमीटर लांब, काही ठिकाणी ९० मीटर उंच असे वाळू-मातीचे कडे आहेत. ते सतत ढासळतात. कड्याच्या टोकापासून लांब कुंपण आणि सूचना आहेत, तरीही माणसं अडकतात आणि अग्निशमन दलाला सोडवावं लागतं. म्हणून कोणी कड्यांचा परिसरच बंद केला नाही. वाट मागे सरकवली, कुंपण मागे सरकवलं.

आपल्याकडे पूर येत नाही असं नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसईत पाणी भरलं, रेल्वे बंद पडली, माणसं घरांत अडकली. तिथल्या ओहोळांना, नाल्यांना आणि खाजणांना जागा राहिली नव्हती. उमरोळी-कोळगावचे ओहोळ अजून मोकळे आहेत. ओहोळाच्या दोन्ही काठांना पंधरा-वीस फूट जागा सोडली, तर पावसाळ्यात ती पाण्याची आणि उरलेले आठ महिने माणसाची. पूरनियंत्रण आणि पायवाट या दोन वेगळ्या योजना करायची गरजच नाही.

पुण्याचा अनुभवही आपल्यासमोर आहे. १९९७ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, त्यांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकायचं ठरलं आणि मोबदल्याच्या वादात वर्षांमागून वर्षं गेली. ज्या टेकड्यांवर आज सकाळी हजारो पुणेकर चालतात, त्यांच्यासाठी अजूनही मोर्चे काढावे लागतात. जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर आरक्षण टाकणं म्हणजे कोर्टकचेरी ओढवून घेणं. पालघर नवनगर त्या टप्प्याच्या आधी आहे. आत्ता नोंदवलेली वाट फुकटात पडते.

माझी मागणी मोठी नाही. काँक्रीटची पायवाट नको, दिव्यांचे खांब नकोत, प्रवेशद्वाराची कमान तर मुळीच नको. डोंगरात सिमेंट ओतलं की पहिल्याच पावसात त्याच्या कडेने माती वाहते आणि तिसऱ्या वर्षी पायऱ्या अधांतरी लोंबतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांवर हे बघायला मिळतं. उमरोळीपासून डोंगरापर्यंतच्या, वाघोबा खिंडीपासून देवखोपपर्यंतच्या आणि बोईसरपासून आसाव्यापर्यंतच्या वाटा नकाशावर याव्यात. नव्या मार्गांच्या भरावाखाली त्या जिथे येतात तिथे माणूस आणि गुरं जातील एवढी मोरी मिळावी. नवनगराच्या आराखड्यात ओहोळाचे काठ मोकळे दाखवले जावेत. आणि पावसाळ्यात धोक्याच्या घळींपाशी पाड्यावरच्या तरुणांना मानधन देऊन उभं करावं. त्यांच्याइतकं पाणी कोणाला कळत नाही. संयुक्त वन व्यवस्थापन समित्या कागदावर आहेतच, हे काम त्यांच्याकडे देता येईल. त्यातून दोन पैसे पाड्यात राहतील आणि आज बाहेरून येणाऱ्यांकडे पाड्यावर ज्या संशयाने बघतात, तोही कमी होईल. हा संशय साधार आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्या, दारूच्या काचा आणि पावसाळ्यातली प्रेतं, एवढंच आजवर पर्यटनाने त्यांच्या दारात आणून टाकलं आहे.

वाचकांपैकी जे पालघर, उमरोळी, बोईसर या भागात राहतात त्यांना एक विनंती आहे. आपल्या महसुली गावाचा नकाशा काढा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो, महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरही गटांचे नकाशे पाहता येतात. त्यावर तुटक रेषा शोधा आणि तिच्यावरून चालून बघा. जिथे वाट आहे पण रेष नाही, तिथे पाड्यावरच्या जाणत्या माणसांना बरोबर घेऊन नोंद करा. ती किती वर्षांची वहिवाट आहे, कुठून कुठे जाते, कोणत्या हंगामात कोण वापरतं, सगळं लिहा. ज्यांचा तिच्यावर आधी हक्क आहे त्यांचं म्हणणं आधी लिहा. मग तो कागद ग्रामसभेपुढे ठेवा आणि ठराव मागा. दिवाळीनंतरची ठरलेली ग्रामसभा २६ जानेवारीला असते. तोवर दोन महिन्यांहून जास्त वेळ मिळतो, भात कापून झालेलं असतं, ओहोळ ओलांडता येण्याजोगे असतात, आणि चालायला यापेक्षा चांगला हंगाम या भागात नाही.